फिफ्थ-व्हील ट्रेलरला हिच कोणता? आधी दाराच्या खांबावरचं स्टिकर वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. डॅलसजवळ राहणारं चौघांचं कुटुंब. घरी हाफ-टन पिकअप आहे (मोठ्या पिकअपमधला सगळ्यात हलका वर्ग), चार दारांची क्रू कॅब, साडेपाच फुटी बेड म्हणजे मागचा हौदा. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन कोलोरॅडोला जायचंय आणि ९,९५० पौंड जीव्हीडब्ल्यूआरचा, म्हणजे पूर्ण भरल्यावर तेवढ्या कमाल वजनाचा, फिफ्थ-व्हील ट्रेलर पसंत पडलाय. फिफ्थ-व्हील म्हणजे ज्याचं पुढचं टोक ट्रकच्या बेडमध्ये बसवलेल्या हिचला, म्हणजे जोडणीला, अडकतं तो राहायचा ट्रेलर. डीलर म्हणतो, ‘तुमचा ट्रक ११,००० पौंड ओढतो, मी १६,००० पौंडांचा हिच बसवून देतो, काळजीच नको.’ तर हिच कुठल्या कंपनीचा आणि कुठल्या प्रकारचा घ्यावा?

मी इथे टेक्ससमध्ये बरीच वर्षं हिच बसवण्याचंच काम करतो. त्या अनुभवावरून आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. या ट्रकला हा ट्रेलर लावू नका. बाजारातला सगळ्यात महागडा हिच घेतलात तरीही नाही. कारण नीट समजून घ्या, म्हणजे पुढे ट्रक बदलायचा की ट्रेलर, हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

ड्रायव्हरचं दार उघडा. खांबावर टायरच्या हवेचे आकडे असलेलं पांढरं-पिवळं स्टिकर दिसेल. त्यावर एक ओळ असते: माणसं आणि सामान यांचं मिळून वजन अमुक पौंडांच्या वर कधीही जाता कामा नये. तुम्ही पाठवलेल्या माहितीत तो आकडा १,६२० आहे. हा तुमच्या ट्रकचा पेलोड. ब्रोशरमध्ये छापलेला पेलोड हा त्या मॉडेलमधल्या सगळ्यात हलक्या ट्रकचा असतो. सनरूफ, मोठी चाकं, फोर-व्हील ड्राइव्ह, चामडी सीट, जे जे तुम्ही घेतलंत ते सगळं त्यातून वजा होतं. म्हणून माझ्यासाठी स्टिकरवरचा आकडाच खरा.

फिफ्थ-व्हीलच्या एकूण वजनापैकी साधारण १५ ते २५ टक्के वजन पुढच्या किंगपिनमधून, म्हणजे हिचमध्ये अडकणाऱ्या जाड खिळ्यातून, थेट ट्रकच्या बेडवर येतं. मी हिशेब २० टक्क्यांनी करतो. ९,९५० चे २० टक्के म्हणजे १,९९० पौंड. इथेच तुमचा पेलोड संपला, अजून ट्रकमध्ये कुणी बसलेलंही नाही. चौघांचे ५२० पौंड धरा. हिच आणि तो ज्यांवर बसतो त्या लोखंडी पट्ट्या, म्हणजे रेल्स, मिळून १५० पौंड. झाले २,६६०. म्हणजे १,०४० पौंड जास्त. डीलर म्हणेल की २० टक्के फार धरले, या ट्रेलरचं पिन-वजन कमी आहे. बरं, १५ टक्के धरू. तरी बेरीज २,१६० च्या आसपास जाते. साडेपाचशे पौंड जास्तच.

कमी पिन-वजनाचा जो आकडा तो तुम्हाला दाखवेल, तो रिकाम्या ट्रेलरचा असतो. त्यात पाणी नाही, कपडे नाहीत, भांडी नाहीत, बऱ्याचदा बॅटरी आणि भरलेली गॅसची टाकीही नाही. शिवाय फिफ्थ-व्हीलमध्ये सामान ठेवायचा मोठा कप्पा बहुतेक वेळा पुढच्या बाजूला, बेडरूमच्या खाली असतो. गॅसच्या टाक्याही तिथेच. तुम्ही खुर्च्या, तंबू, सायकली, तांदळाची पिशवी जे काही तिथे कोंबाल, त्याचा मोठा हिस्सा पिनवर येतो. म्हणूनच ‘हाफ-टन टोएबल’, म्हणजे हाफ-टन ट्रकने ओढता येणारा, असं ट्रेलरच्या अंगावर लिहिलेलं वाचून खरेदी करू नका. ते लिहिणाऱ्याने तुमच्या दारावरचं स्टिकर पाहिलेलं नसतं.

मग ११,००० पौंड ओढण्याचा आकडा खोटा का? खोटा नाही. तो इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक यांच्या कसोटीवर काढलेला आहे, पण त्यात ट्रकमध्ये प्रत्येकी १५० पौंडांची दोनच माणसं धरलेली असतात. फिफ्थ-व्हीलच्या बाबतीत ओढण्याची ताकद संपायच्या कितीतरी आधी पेलण्याची ताकद संपते. पिनचं जवळजवळ सगळं वजन मागच्या एक्सलवर बसतं. म्हणून पेलोडसोबत मागच्या एक्सलचं रेटिंगही पाहायचं. तेही दाराच्याच खांबावर, शेजारच्या लेबलवर जीएडब्ल्यूआर म्हणून दिलेलं असतं. मागच्या टायरवर छापलेली भारक्षमता दोनने गुणून तीही पडताळून घ्या.

इथे बरेच जण विचारतात, मागे एअरबॅग, म्हणजे मागच्या स्प्रिंगना आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या, टाकल्या तर? एअरबॅगने ट्रकची बसलेली शेपटी वर येते आणि दिसायला सगळं सरळ दिसतं. पण एक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक, फ्रेम सगळं तेच राहतं. स्टिकरवरचा आकडा एका पौंडानेही वाढत नाही. मला एअरबॅगचा राग नाही. मर्यादेत असलेला ट्रक सरळ ठेवायला त्या चांगल्या. मर्यादा ओलांडलेली झाकायला वापरल्या, तर त्या घातक.

तुमचा रस्ता डोळ्यांसमोर आणा, म्हणजे मी एवढा अडून का बसलोय ते कळेल. डॅलसहून २८७ ने अमरिलोपर्यंत गेलात की पॅनहँडलचा, म्हणजे टेक्ससच्या उत्तर टोकाचा, आडवा वारा सुरू होतो. फिफ्थ-व्हीलची बाजू म्हणजे तीस फूट लांब भिंत. पुढे डलहार्ट, क्लेटनवरून रॅटनला पोचलात की आंतरराज्यीय २५ वरचा रॅटन पास, ७,८०० फुटांच्या वर. चढताना इंजिन दमतं, ते एक वेळ चालेल. उतरताना ट्रेलर मागून ढकलत असतो, आणि मर्यादेपेक्षा हजार पौंड जास्त लादलेला ट्रक तिथे वळणावर कसा वागेल, याची परीक्षा मुलं मागे बसलेली असताना घ्यायची नाही.

आता मार्ग दोन. ट्रक हाच ठेवायचा असेल तर फिफ्थ-व्हीलचा नाद सोडा आणि बंपरमागे लावायचा साधा ट्रॅव्हल ट्रेलर बघा, साधारण ६,५०० पौंड जीव्हीडब्ल्यूआरपर्यंतचा. त्याचं जिभेवरचं वजन, म्हणजे पुढच्या दांड्यातून ट्रकवर येणारं वजन, १२-१३ टक्के धरलं तर साडेआठशेच्या आत राहतं. वजन पुढच्या-मागच्या एक्सलवर वाटून देणारा हिच शंभर पौंड, तुम्ही चौघं ५२०, आणि बेडमध्ये थोडंसं सामान. तेही काठोकाठच आहे, पण आत आहे. तुमच्या ट्रकखालच्या रिसीव्हरवरही, म्हणजे हा हिच ज्यात घालतात त्या चौकोनी खोबणीवरही, स्वतःचं स्टिकर असतं, ते वाचायला विसरू नका.

दुसरा मार्ग म्हणजे मोठा ट्रक. इथेही फसगत होते. लोक हाफ-टनवरून त्याच्या वरच्या वर्गातल्या थ्री-क्वार्टर टन डिझेलवर जातात आणि समजतात सुटलो. पण १०,००० पौंड जीव्हीडब्ल्यूआरच्या डिझेल ट्रकचं इंजिनच इतकं जड असतं की पेलोड दोन-सव्वादोन हजारांवर अडकतो. तुमच्या २,६६० च्या हिशेबात तोही नापास. तुम्हाला त्याच्याही वरचा वन-टन लागेल, मागे प्रत्येक बाजूला एकच चाक असलेला, म्हणजे सिंगल रिअर व्हीलचा चालेल. जुना ट्रक बघत असाल तर लक्षात ठेवा, १०,००० च्या वर जीव्हीडब्ल्यूआर असलेल्या ट्रकवर ती पेलोडची ओळ नसू शकते. मग ट्रक टाकी भरून काट्यावर वजन करायचा आणि जीव्हीडब्ल्यूआरमधून ते वजा करायचं. विकणारा वजन करू देत नसेल तर दुसरीकडे बघा.

ट्रक ठरला की मग हिच, आणि हिचमध्ये पहिला प्रश्न बेडच्या लांबीचा. आठ फुटी बेड असेल तर देवाचे आभार माना आणि साधा स्थिर हिच घ्या. हलणारे भाग कमी, वजन कमी, किंमत कमी. बेड साडेसहा फुटी किंवा त्याहून छोटा असेल तर टेप घ्या आणि मागच्या एक्सलच्या मध्यापासून कॅबच्या मागच्या काचेपर्यंत मोजा. ट्रेलर ९६ इंच रुंद असतो, काही १०२. म्हणजे काटकोनात वळवताना पिनपासून कॅबपर्यंत निदान ४८ इंच तरी हवेत, आणि वर चार-पाच इंचांची सवलत, कारण जमीन कधीच सपाट नसते. छोट्या बेडमध्ये हे अंतर ४८ च्या आतच भरतं. कॅम्पसाइटमध्ये रिव्हर्स घेताना ट्रेलरचा कोपरा मागच्या काचेत घुसतो, तो याच हिशेबाच्या अभावी. आणि त्या काचेला लागून मुलं बसलेली असतात.

‘मग हिच थोडा मागे बसवू’ असं कुणी सुचवलं तर त्याला तिथेच थांबवा. पिनचं वजन एक्सलच्या बरोबर वर किंवा एक-दोन इंच पुढेच हवं. मागे गेलं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टीअरिंगची पकड जाते.

छोट्या बेडवर त्यासाठी सरकता हिच असतो. त्यात दोन जाती. हाताने सरकवायचा स्वस्त असतो. कॅम्पमध्ये शिरण्याआधी उतरायचं, खटका ओढायचा, ट्रेलरचे ब्रेक लावून ट्रक पुढे घ्यायचा, हिच मागे सरकून बसतो. रस्त्यावर परत यायच्या आधी उलटं करायचं. जे शिस्तीने हे करतील त्यांना तो पुरतो. पण अंधारात, पावसात, मागे चार गाड्या थांबलेल्या असताना माणूस म्हणतो, राहू दे, जाईल. तिथेच काच फुटते. आपोआप सरकणारा हिच वळताना स्वतःच मागे जातो आणि सरळ झाला की पुढे येतो. तो महाग आहे, जड आहे, आणि पिनच्या पेटीवर (ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा, पिन जिच्यात बसवलेली असते तो भाग) एक प्लेट कायमची बसवावी लागते, म्हणजे पिन हिचमध्ये फिरत नाही. त्याचं वाढीव वजन पेलोडमधून वजा करा. पैसे आणि पेलोड दोन्ही असतील तर छोट्या बेडवर मी आपोआप सरकणाराच बसवायला सांगतो. तिसरा उपाय ट्रेलरच्या बाजूने आहे. पिनची पेटीच बदलून वळण्याचा बिंदू मागे नेणारी पेटी मिळते, पण ती त्या ट्रेलरच्या फ्रेमला आणि तुमच्या हिचला चालते का, हे दोन्ही कंपन्यांच्या कागदावर पाहूनच घ्या.

आता बसवणं. माझ्या लेखी हिचच्या डोक्यापेक्षा, म्हणजे पिन पकडणाऱ्या वरच्या भागापेक्षा, हे जास्त महत्त्वाचं आहे, आणि गिऱ्हाईक याच्याबद्दल सगळ्यात कमी विचारतं. बेड म्हणजे पत्रा. फोर्डच्या एफ-१५० चा बेड २०१५ पासून ॲल्युमिनियमचा आहे, सुपर ड्यूटीचा २०१७ पासून. तो भार घ्यायला बनवलेलाच नाही. रेल्स बेडच्या वर दिसतात, पण त्यांचे बोल्ट बेडमधून खाली जाऊन फ्रेमला बसवलेल्या ब्रॅकेटमध्ये घट्ट व्हायला हवेत. ते ब्रॅकेट तुमच्या ट्रकच्या वर्षाचे आणि मॉडेलचेच हवेत. दुरुस्तीला आलेल्या ट्रकखाली झोपून मी असं काम पाहिलंय: नुसता वॉशर लावून पत्र्याला आवळलेले बोल्ट, आणि गोल भोकं लांबट झालेली. बेडच्या वरून बघितलं तर काम अगदी सुरेख दिसत होतं. म्हणून काम झाल्यावर बसवणाऱ्याला सांगा, ट्रक लिफ्टवर घ्या आणि मला खालून दाखवा. फ्रेमला कुणी वेल्डिंग करू म्हणालं तर गाडी काढून घ्या.

नवा ट्रक घेणार असाल तर कारखान्यातूनच फिफ्थ-व्हीलची तयारी असलेला घ्या. बेडमध्ये चार कोपऱ्यांत चार खाचा आणि मध्ये गूजनेकचं (बेडमधल्या गोळ्यावर बसणारी दुसऱ्या प्रकारची जोडणी) भोक असतं, सगळं खाली फ्रेमशी जोडलेलं. हिचचे पाय त्या खाचांमध्ये बसवून फिरवले की काम झालं. काढला की बेड पुन्हा मोकळा. फोर्ड, रॅम आणि जीएम यांच्या खाचांची मापं एकसारखी असतीलच असं नाही, तेव्हा हिच त्या ट्रकचाच घ्यायचा. मधल्या गूजनेकच्या भोकात एकाच खांबावर बसणारे हिचही असतात. बी अँड डब्ल्यूचा कम्पॅनियन त्यातला, आणि मला तो आवडतो, कारण काढल्यावर बेडमध्ये काहीच उरत नाही.

एक गोष्ट टाळा. ट्रेलरच्या पिनला लांब नळी लावून खाली गूजनेकच्या गोळ्यावर बसवायचा ॲडॉप्टर स्वस्तात मिळतो. पान्याच्या दांड्याला पाइप घालून बोल्ट सोडवताना जसा जोर वाढतो, तसा ती लांब नळी ट्रेलरच्या पुढच्या फ्रेमला पिळते. फिफ्थ-व्हीलची फ्रेम त्यासाठी बनवलेली नसते, आणि अनेक उत्पादक अशा ॲडॉप्टरनंतर फ्रेमची वॉरंटी नाकारतात. पूर्ण पेटीच बदलणारे, उत्पादकाने लेखी मान्य केलेले पर्याय आहेत, ते वेगळे.

हिचच्या डोक्याबद्दल दोनच गोष्टी. जबडा दुहेरी घ्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी येऊन पिनच्या मानेला पूर्ण वेढणारा. आडव्या दांड्याने अडवणारा स्वस्त असतो आणि रेटिंगच्या आत सुरक्षितही असतो, पण त्यात पिनला खेळ जास्त मिळतो आणि ब्रेक मारताना, निघताना पाठीत दणके बसतात. आणि डोकं चारही दिशांना झुकणारं घ्या. नुसतं पुढे-मागे झुकणारं डोकं कॅम्पच्या वाकड्यातिकड्या जमिनीवर जोडता-सोडवताना अडकतं आणि पीळ फ्रेमवर जातो.

रेटिंगचे दोन आकडे असतात, एकूण ट्रेलरचं वजन आणि पिनवरचं उभं वजन. दोन्हींमध्ये बसलं पाहिजे. १०,००० पौंडांच्या ट्रेलरला १६,००० चा हिच भरपूर झाला. २५,००० चा घेतलात तर फक्त लोखंड वाढेल आणि तेवढा पेलोड जाईल. साखळीतली सगळ्यात कमी रेटिंगची कडी, मग ती रेल असो, ब्रॅकेट असो की ट्रक, तीच तुमची मर्यादा. जुना हिच घेताना नव्याने रंगवलेला घेऊ नका. रंगाखाली वेल्डची चीर दिसत नाही.

उंचीही बघा. ट्रेलर जमिनीला समांतर हवा, आणि बेडच्या कडेपासून ट्रेलरच्या तळापर्यंत साधारण सहा इंच मोकळे हवेत. हल्लीचे फोर-व्हील ट्रक इतके उंच असतात की हे दोन्ही एकदम साधत नाही. मग हिचची उंची, पिनच्या पेटीवरची भोकं, असं करत जुळवावं लागतं. पण सहा इंचांशी तडजोड नको. एखाद्या पेट्रोल पंपाच्या चढावर ट्रक एकीकडे आणि ट्रेलर दुसरीकडे झुकला की कडेचा पत्रा दबतो.

आता जोडण्याबद्दल, आणि हे मात्र पाठ करा. फिफ्थ-व्हील सुटून ट्रकच्या बेडवर आदळल्याच्या ज्या घटना माझ्याकडे दुरुस्तीला आल्या, त्यांतल्या बहुतेकांमध्ये हिच धडधाकट होता. पिन उंच बसली होती. ट्रेलर थोडा जास्त वर उचललेला असला की पिन जबड्यात पूर्ण खाली उतरत नाही. जबडा मानेऐवजी खालच्या जाड कडेवर टेकतो. खटका अर्धवट बसतो, वरून सगळं लागल्यासारखं वाटतं. पहिल्या खड्ड्यात पिन उसळून बाहेर येते.

म्हणून ट्रेलरच्या चाकांना ठोकळे लावा. ट्रेलरची प्लेट हिचच्या प्लेटपेक्षा अर्धा ते एक इंच खाली ठेवा, म्हणजे ट्रक मागे घेताना ती हिचवर चढत येईल आणि घासत बसेल. बेडचं मागचं झाकण आधी उतरवा. हळू मागे या. खट्ट आवाज आला तरी त्यावर विश्वास ठेवू नका. टॉर्च घ्या, बेडच्या बाजूने वाका आणि दोन प्लेटांच्या मधून पलीकडचा उजेड दिसतो का पाहा. दिसला तर पिन उंच आहे, सोडवून पुन्हा करा. मग मागून जबडा पिनच्या पाठीमागे पूर्ण मिटलाय का ते पाहा. दांडा कुलपाच्या जागी गेला पाहिजे, त्यात खीळ घाला. मग ट्रेलरच्या दिव्यांची आणि ब्रेकची सात-पिनी वायर. ब्रेकअवेची तार, म्हणजे ट्रेलर सुटला तर ओढली जाऊन त्याचे ब्रेक लावणारी तार, ट्रकला बांधा, हिचच्या दांड्याला नाही. हिचसकट सगळं निघून आलं तर ती तार ओढली जाणारच नाही, आणि ट्रेलरचे ब्रेक लागणार नाहीत.

आणि ओढून बघणं. ट्रेलरचे पुढचे पाय जेमतेम जमिनीपासून सुटतील एवढेच उचला. कॅबमधून ब्रेक कंट्रोलरचा हातचा खटका दाबून ट्रेलरचे ब्रेक धरा आणि ट्रक हलकेच पुढे रेटा. ट्रक जागीच अडला पाहिजे. पिन नीट बसली नसेल तर ट्रेलर इंचभर खाली पायांवर टेकेल, बेडवर पडणार नाही. त्यानंतरच पाय पूर्ण वर आणि ठोकळे आत. घरून निघताना हे सगळे करतात. विसरतात ते जेवायला थांबून परत आल्यावर, मुलं चिडलेली असताना. प्रत्येक थांब्यावर निदान दांडा, खीळ आणि तार हाताने चाचपून घ्या. कुणी पार्किंगमध्ये खोड्या केल्या असतील तर तेही तेव्हाच कळतं.

देखभाल थोडकी आहे. प्लेटवर ग्रीस लावा किंवा पिनवर प्लॅस्टिकची चकती घाला, दोन्ही एकदम नको. बोल्ट टॉर्क रेंचने कंपनीने दिलेल्या आकड्यावर, आणि नवीन बसवल्यावर थोडे मैल गेल्यानंतर पुन्हा. किती मैलांनी ते हिचच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं.

लायसन्सचंही पाहून ठेवा. टेक्ससमध्ये ट्रक-ट्रेलरचं मिळून रेटिंग २६,००० पौंडांच्या वर आणि ट्रेलर १०,००० च्या वर असेल तर बिगर-व्यावसायिक क्लास ए लागतं. तुमचा ट्रेलर त्यात येत नाही, पण उद्या मोठा घेतलात तर येऊ शकेल. दुसऱ्या राज्यात राहणाऱ्यांनी आपापल्या राज्याचा नियम बघावा. कॅलिफोर्नियात तर १०,००० च्या वरच्या फिफ्थ-व्हीलपासूनच जादा परवानगी लागते.

सहलीच्या आधी ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे ट्रकच्या वजनकाट्यावर, दोनदा जा. एकदा नुसता ट्रक, टाकी भरून, चौघं बसून, हिच बेडमध्ये. दुसऱ्यांदा ट्रेलर जोडून, प्रवासाला निघाल्यासारखा पूर्ण भरून. ट्रकच्या दोन एक्सलची बेरीज जितकी वाढली तितकं तुमचं खरं पिन-वजन. ती बेरीज जीव्हीडब्ल्यूआरच्या आत, मागचा एक्सल त्याच्या रेटिंगच्या आत आणि ट्रेलर त्याच्या जीव्हीडब्ल्यूआरच्या आत हवा. यातला एकही आकडा वर गेला तर सामान उतरवा, आधी ट्रेलरच्या पुढच्या कप्प्यातलं.